अमेरिकेत नोकरी बदलल्यावर मिळणारा ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ आरोग्य विमा : प्रसूतीचा खर्च त्यात खरोखर बसतो का?

प्राजक्ता_एनजे :

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. माझ्या पतींनी ऑक्टोबरअखेर एका मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून सुमारे अडीचशे माणसांच्या एका कन्सल्टिंग कंपनीत एच-१बी बदलून घेतला. मी एच-४ वर (जोडीदाराच्या व्हिसावर) आहे आणि मला पाचवा महिना सुरू असून डॉक्टरांनी मार्चच्या मध्याची तारीख दिली आहे. जुन्या कंपनीचा विमा ३१ ऑक्टोबरला संपला.

नव्या कंपनीच्या एचआरने दोन पानांचे एक माहितीपत्रक पाठवले आहे आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह मेडिकल’ असे लिहिलेले आहे. दोघांचा मिळून हप्ता दरमहा ११० डॉलर आहे. आत असे नमूद केले आहे : प्रतिबंधात्मक सेवा १०० टक्के, प्रसूतिपूर्व तपासण्या १०० टक्के, डॉक्टरांच्या एका भेटीस ७५ डॉलर, रुग्णालयात राहिल्यास दर दिवशी ५०० डॉलर, शस्त्रक्रियेस १,००० डॉलर. डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम, शून्य. एचआरचे म्हणणे असे की डिडक्टिबल नाही म्हणजे यापेक्षा चांगला विमा मिळणे कठीण.

दुसरीकडे जुन्या कंपनीकडून कोब्राचे, म्हणजे नोकरी सुटल्यावर जुना विमा स्वखर्चाने चालू ठेवण्याच्या सोयीचे, पत्र आले आहे. तोच जुना विमा पुढे चालू ठेवायचा असेल तर दोघांचे दरमहा १,८५० डॉलर भरावे लागतील. त्यात माणशी डिडक्टिबल १,००० डॉलर, त्यापुढे आमचा वाटा २० टक्के आणि आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम माणशी ४,००० डॉलर आहे. ‘गेटकव्हर्ड एनजे’ या राज्याच्या संकेतस्थळावर एक सिल्व्हर प्लॅन पाहिला. त्याचा हप्ता कोणतीही सवलत न धरता १,२५० डॉलर, डिडक्टिबल २,५००, त्यापुढे आमचा वाटा ३० टक्के आणि कमाल मर्यादा ९,००० डॉलर आहे.

कंपनीच्या कागदांवर येत्या शुक्रवारपर्यंत सही करायची आहे. ११० आणि १,८५० यांत इतके अंतर असण्याचे कारण काय, आणि स्वस्त पर्याय घेतल्यास प्रसूतीच्या वेळी नेमके काय होईल, हे कुणी समजावून सांगेल का? शिवाय फेब्रुवारीत सासूबाई आणि सासरे बाळंतपणासाठी येणार आहेत. त्यांच्या विम्याबद्दलही दोन शब्द सांगितल्यास बरे होईल.

हिशेबनीस :

प्राजक्ताताई, मी बरीच वर्षे कंपन्यांच्या कर्मचारी विम्याचे काम पाहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सर्वप्रथम, शुक्रवारी सही करू नका.

आपल्याकडे भारतात विमा घेताना पहिला प्रश्न असतो की पॉलिसी किती लाखांची, म्हणजे कंपनी जास्तीत जास्त किती देणार. अमेरिकेतला पूर्ण आरोग्य विमा याच्या उलट बाजूने वाचायचा असतो. तिथे मर्यादा कंपनीच्या खर्चावर नसते, तुमच्या खर्चावर असते. वर्षभरात नेटवर्कमधल्या, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-रुग्णालयांकडच्या, आणि पॉलिसीत बसणाऱ्या उपचारांवर तुमच्या खिशातून ठरावीक रकमेपेक्षा जास्त जाऊ शकत नाही, आणि त्यापुढचे सगळे, मग ते वीस हजार असो वा दहा लाख, विमा कंपनी भरते. हीच ती आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम. कायद्याने तिची कमाल पातळी दर वर्षी जाहीर होते. २०२५ साठी ती एका व्यक्तीस ९,२०० आणि कुटुंबास १८,४०० डॉलर आहे, २०२६ साठी १०,६०० आणि २१,२०० डॉलर. २०१० च्या अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टने आजीवन मर्यादा काढून टाकल्या, आणि २०१४ पासून अत्यावश्यक सेवांवरची वार्षिक मर्यादाही राहिली नाही. त्यापूर्वी दहा-वीस लाख डॉलरच्या आजीवन मर्यादा सर्रास असत आणि कर्करोगाचे किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे कुटुंब त्या ओलांडून जात असे.

आता तुमचे दोन पानांचे पत्रक पाहा. दर दिवशी ५००, शस्त्रक्रियेस १,०००, भेटीस ७५. यातला प्रत्येक आकडा कंपनी किती देईल ते सांगतो, तुम्ही किती द्याल ते कुठेच सांगत नाही. डिडक्टिबल शून्य आहे हे खरे आहे, कारण ज्या पॉलिसीत कंपनीने मोठे बिल भरायचेच नाही तिथे डिडक्टिबलची गरज नसते.

माझ्या अंदाजाने हे दोन तुकडे जोडलेले आहेत. पहिला तुकडा म्हणजे फक्त प्रतिबंधात्मक सेवा देणारा, आमच्या भाषेत ‘एमईसी (मिनिमम इसेन्शिअल कव्हरेज) प्लॅन’. पन्नास किंवा अधिक पूर्णवेळ माणसे असलेल्या कंपनीने कर्मचाऱ्यांना काहीच विमा देऊ केला नाही तर तिला मोठा दंड पडतो, आणि तो दंड टाळण्यापुरता हा प्लॅन पुरतो. मोठ्या कंपन्यांच्या आणि स्वतःच्या पैशांतून चालवलेल्या प्लॅनना प्रसूती, रुग्णालयातले उपचार अशा दहा अत्यावश्यक सेवा पुरवण्याची अट लागू नाही, या फटीतून हा प्रकार निघाला आहे. दुसरा तुकडा म्हणजे ‘फिक्स्ड इन्डेम्निटी’, म्हणजे ठरावीक रक्कम हातात देणारी पॉलिसी, जिला अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टचे बहुतेक नियम लागूच नाहीत. कन्सल्टिंग कंपन्यांत ही जोडी फार प्रचलित आहे आणि तिला ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ म्हणणे मला तरी उघड दिशाभूल वाटते.

‘प्रसूतिपूर्व तपासण्या १०० टक्के’ ही ओळ तर फारच फसवी आहे. ती खोटी नाही. गर्भवतीच्या नेहमीच्या भेटी आणि गरोदरपणातल्या मधुमेहाची चाचणी कायद्याने प्रतिबंधात्मक सेवांत येतात, त्यामुळे त्या मोफत मिळतील. मात्र प्रसूती, भूल, लेबर रूम, सिझेरियन, बाळाची खोली यांपैकी काहीही प्रतिबंधात्मक नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर एचआरकडे ‘समरी ऑफ बेनिफिट्स अँड कव्हरेज’ मागा. एमईसी प्लॅनलाही तो कागद देणे बंधनकारक आहे, आणि त्याचा नमुना सरकारने ठरवून दिलेला असल्यामुळे रंगीत पत्रकासारखी मोकळीक त्यात नसते. शेवटाकडे दोन प्रश्न असतात : हा प्लॅन ‘मिनिमम इसेन्शिअल कव्हरेज’ देतो का, आणि तो ‘मिनिमम व्हॅल्यू’ची अट पूर्ण करतो का, म्हणजे उपचारांच्या खर्चाचा पुरेसा वाटा उचलतो का. तुमच्या कागदावर पहिल्यापुढे ‘होय’ आणि दुसऱ्यापुढे ‘नाही’ असेल असे मला वाटते. त्याखाली तीन काल्पनिक रुग्णांची उदाहरणे असतात. पहिल्या उदाहरणातली पेग नावाची बाई बाळंत होते आणि तिचा एकूण खर्च १२,७०० डॉलर धरलेला असतो. त्यातले पेग स्वतः किती भरते, तो आकडा वाचा. तुमच्या तिन्ही पर्यायांची तुलना त्या एका ओळीत होईल.

आता एक उदाहरण मांडतो. समजा सिझेरियन झाले, तीन दिवस रुग्णालयात राहावे लागले आणि विमा कंपनी व रुग्णालय यांच्यात ठरलेल्या दराने बिल २२,००० डॉलर झाले. नव्या कंपनीचा विमा तीन दिवसांचे १,५०० आणि शस्त्रक्रियेचे १,००० मिळून २,५०० देईल, उरलेले १९,५०० तुमचे. कोब्रात डिडक्टिबलचे १,००० आणि उरलेल्या २१,००० चे २० टक्के म्हणजे ४,२००, असे ५,२०० होतात, पण मर्यादा ४,००० असल्याने तुम्ही ४,००० वर थांबता. सिल्व्हर प्लॅनमध्ये २,५०० अधिक १९,५०० चे ३० टक्के, म्हणजे ५,८५०, असे एकूण ८,३५० होतील.

सही न करण्याचे आणखी एक कारण आहे. कंपनीचा प्लॅन ‘मिनिमम व्हॅल्यू’ देत नसेल तर तो केवळ देऊ केल्याने तुमचा ‘गेटकव्हर्ड एनजे’सारख्या राज्याच्या बाजारातल्या प्लॅनवरच्या करसवलतीचा हक्क जात नाही, परंतु तुम्ही त्यात नाव घातले की जातो. ती सवलत तुमच्या उत्पन्नावर ठरेल आणि कदाचित तुम्हाला मिळणारही नाही, तरी ११० डॉलरच्या प्लॅनसाठी ती शक्यता आधीच का बंद करावी? शिवाय पगारातून करपूर्व हप्ता कापायला एकदा संमती दिली की वर्षाच्या मध्यात सहज बाहेर पडता येत नाही. म्हणून नकार लेखी द्या आणि त्याची प्रत ठेवा. एच-१बी आणि एच-४ धारकांना राज्याच्या बाजारातून विमा घेता येतो, त्यासाठी ग्रीन कार्ड लागत नाही.

सातारकर :

हिशेबनीसांचे विवेचन पटले, पण कोब्राच्या रकमेबद्दल माझा आक्षेप आहे. कोब्रा म्हणजे पूर्ण हप्ता आणि वर २ टक्के व्यवस्थापन खर्च, पूर्वी कंपनी भरत होती तो वाटाही आता आपल्याच माथी. वर्षाचा हिशेब केला तर १,८५० च्या दराने हप्त्याचेच २२,२०० होतात आणि त्यात ४,००० मिळवले की वाईटात वाईट वर्ष २६,२०० ला पडते. सिल्व्हरचे १५,००० अधिक ९,०००, म्हणजे २४,०००. मग कोब्रा का घ्यावा? डिडक्टिबल कमी दिसते म्हणून आपली माणसे महाग प्लॅन घेतात आणि बारा हप्त्यांची बेरीज करत नाहीत, असे मी आमच्या ओळखीत वारंवार पाहतो.

हिशेबनीस :

सातारकर, वर्षभराचा विचार केला तर तुमचे बरोबर आहे. परंतु इथे वर्ष दोन भागांत तोडता येते. बाळाचा जन्म ही अशा घटनांपैकी एक आहे की तिच्यामुळे वर्षातून एकदा येणाऱ्या खुल्या नोंदणीच्या काळाबाहेरही ६० दिवस बाजारातून नवा प्लॅन घेण्याची मुभा मिळते. म्हणजे मार्चपर्यंत कोब्रा आणि एप्रिलपासून सिल्व्हर असे करता येते. हप्त्याचे तीन महिन्यांचे ५,५५० आणि नऊ महिन्यांचे ११,२५० मिळून १६,८०० होतील. त्यात वरच्या उदाहरणातले ४,००० घातले तर २०,८००. जानेवारीपासूनच सिल्व्हर घेतला तर १५,००० अधिक ८,३५०, म्हणजे २३,३५०. बाळाचे नाव घातल्यावर दोन्हीकडे हप्ता वाढेल, तो मी धरलेला नाही.

यात एक खोच आहे. एप्रिलमध्ये प्लॅन बदलला की डिडक्टिबल आणि कमाल मर्यादा पुन्हा शून्यापासून मोजली जाते. बाळ आणि आई सुखरूप घरी असतील तर हरकत नाही, पण बाळाला एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) राहावे लागले किंवा तुमच्यावर उपचार चालू राहिले तर कोब्रातून हलू नका. तो निर्णय ६० दिवसांच्या आत, परिस्थिती पाहून घेता येईल.

नोव्हेंबर आणि डिसेंबरसाठी मात्र कोब्राच बरा, कारण या वर्षाचे तुमचे डिडक्टिबल त्या प्लॅनमध्ये बहुधा भरून झालेले असेल. सिल्व्हर आज घेतला तरी तो १ डिसेंबरला सुरू होईल आणि एका महिन्यासाठी नवे डिडक्टिबल मागेल.

दूरदेशी :

मी टेक्सासमध्ये एका रुग्णालयाच्या बिलिंग विभागात काम करते. वरचे हिशेब योग्य आहेत, फक्त कागद आमच्या टेबलावर येतात तेव्हा काय घडते ते सांगते.

कोब्राची निवड करायला ६० दिवस असतात आणि निवड केल्यापासून पहिला हप्ता भरायला आणखी ४५ दिवस. संरक्षण मागच्या तारखेपासून, म्हणजे तुमच्या बाबतीत १ नोव्हेंबरपासून, लागू होते. काही जण याचा फायदा घेऊन थांबून राहतात आणि गरज पडली तरच पैसे भरतात. एखाद्या तरुण, निरोगी माणसाने तसे करणे मी समजू शकते, गर्भवतीने करू नये. त्या मधल्या काळात दवाखान्याने संगणकावर पाहिले की विमा ‘बंद’ दिसतो, भेट पुढे ढकलली जाते किंवा तपासणीचे पूर्ण पैसे आधी मागितले जातात, आणि नंतर ते परत मिळवण्याची धावपळ तुमच्या वाट्याला येते.

दुसरे, प्रसूतितज्ज्ञाचे बिल बहुधा भेटीगणिक जात नाही. गरोदरपणातल्या भेटी, प्रसूती आणि नंतरची तपासणी यांचे एकच एकत्रित बिल बाळंतपणानंतर पाठवले जाते. मध्येच विमा बदलला की ते बिल तोडून दोन कंपन्यांकडे पाठवावे लागते आणि घोळ तिथेच होतात. माझ्या मते मार्चपर्यंत एकच विमा ठेवण्याचे हे सर्वांत व्यवहार्य कारण आहे, पैशांचा फरक त्यानंतर.

तिसरे, नेटवर्क. दवाखान्यात फोन करून “अमुक कंपनीचा विमा चालतो का” असे विचारू नका. उत्तर नेहमी “हो” असेच येते, कारण एकाच कंपनीचे डझनभर प्लॅन असतात. प्लॅनचे कार्डावरचे पूर्ण नाव वाचून दाखवा आणि डॉक्टर, रुग्णालय व बालरोगतज्ज्ञ या तिघांबद्दल वेगवेगळे विचारा. राज्याच्या बाजारातले बरेचसे प्लॅन ईपीओ किंवा एचएमओ प्रकारचे असतात आणि आपत्कालीन प्रसंग सोडला तर नेटवर्कबाहेरचे बिल त्यांत अजिबात भरले जात नाही. हिशेबनीस सांगतात ती कमाल मर्यादा अशा बिलांना लागू होत नाही. हप्ताही त्या मर्यादेत मोजला जात नाही.

भूलतज्ज्ञ नेटवर्कबाहेरचा निघाला तर काय, हा प्रश्न सगळे विचारतात. २०२२ पासून ‘नो सर्प्रायझेस अ‍ॅक्ट’ लागू आहे. नेटवर्कमधल्या रुग्णालयात तुम्ही न निवडलेल्या भूलतज्ज्ञाने किंवा रेडिओलॉजिस्टने तुमच्याकडून नेटवर्कमधल्या वाट्यापेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही. रस्त्यावरची रुग्णवाहिका मात्र या केंद्रीय कायद्यात येत नाही.

आणि कृपया ‘एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स’, म्हणजे विमा कंपनीचे दाव्याचे विवरणपत्र, आले की घाबरून पैसे भरू नका. त्यावरच लिहिलेले असते की हे बिल नाही. रुग्णालयाचे बिल आल्यावर दोन्ही कागद शेजारी ठेवा. ‘तुमची जबाबदारी’ या रकान्यातला आकडा दोन्हीकडे जुळला पाहिजे. जुळत नसेल तर बाबवार बिल मागा आणि विमा कंपनीला फोन करा. दावा नाकारला गेला तर नोटीस मिळाल्यापासून १८० दिवसांत अंतर्गत अपील करता येते. वैद्यकीय गरजेचा वाद असेल तर त्यानंतर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या, स्वतंत्र परीक्षणाचीही सोय आहे. लोक पहिल्याच नकाराला शेवटचा मानतात याचे मला वाईट वाटते.

प्राजक्ता_एनजे :

सर्वांचे मनापासून आभार. एचआरकडून समरीचा कागद आज आग्रह धरून मिळवला. हिशेबनीसांनी म्हटल्याप्रमाणे पहिल्या प्रश्नापुढे ‘होय’ आणि दुसऱ्यापुढे ‘नाही’ आहे. पेगच्या १२,७०० पैकी जवळजवळ सगळे तिनेच भरायचे आहेत. पतींनी लेखी नकार पाठवला असून कोब्राची निवड आम्ही या आठवड्यात करत आहोत.

दोन शंका राहिल्या. बाळाचे नाव कधी आणि कसे घालायचे? आणि सासू-सासऱ्यांचे काय?

दूरदेशी :

बाळाचे नाव ३० दिवसांच्या आत घाला. नोकरीतून मिळालेल्या विम्यात, आणि म्हणून कोब्रातही, हीच मुदत धरून चालावे. राज्याच्या बाजारातल्या प्लॅनमध्ये ६० दिवस असतात आणि लोक या दोन मुदतींची गल्लत करतात. मुदतीत नाव घातले की संरक्षण जन्माच्या दिवसापासून धरले जाते. सोशल सिक्युरिटी क्रमांक येण्याची वाट पाहू नका, तो नंतर कळवता येतो. बाळ ही स्वतंत्र व्यक्ती असल्याने त्याचे बिलही स्वतंत्र येईल आणि त्याचे डिडक्टिबलही निराळे मोजले जाईल, हे आधीच गृहीत धरा. कुटुंबाची एकत्रित मर्यादा किती आहे तेही कोब्राच्या कागदात पाहून ठेवा.

हिशेबनीस :

सासू-सासऱ्यांबद्दल थोडक्यात सांगतो. पाहुण्यांसाठीच्या विम्यातही ‘फिक्स्ड’ आणि ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ असे दोन प्रकार विकले जातात. पहिल्यात तुमच्या एचआरच्या पत्रकासारखाच दर बाबीला ठरावीक रकमेचा तक्ता असतो, तो टाळा. दुसऱ्यात डिडक्टिबलनंतर बिलाचा टक्केवारीने वाटा दिला जातो, परंतु इथे मात्र पॉलिसीची कमाल रक्कम असते, म्हणजे कंपनीच्या खर्चावर मर्यादा असतेच. अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टचे संरक्षण या पॉलिसींना नाही.

सासऱ्यांना रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर ‘अ‍ॅक्यूट ऑनसेट’ हे कलम संपूर्ण वाचा. जुना आजार अचानक उफाळून आला तर काही खर्च दिला जातो, त्याची नेहमीची औषधे आणि तपासण्या दिल्या जात नाहीत. वयानुसार त्या कलमातली रक्कम कमी होत जाते, आणि अनेक पॉलिसींत ठरावीक वयानंतर ते कलमच लागू नसते, म्हणून दोघांची वये घालून पॉलिसीचा पूर्ण मजकूर उतरवून घ्या. रोजच्या औषधांचा मुक्कामभराचा साठा डॉक्टरांच्या चिठ्ठीसह तिकडूनच सोबत आणायला सांगा.